तिसऱ्या बाटलीचा रंग

यंदा किंक्रांतीच्या संध्याकाळी सोलापुरात होम मैदानाच्या बाजूनं घरी येत होते. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, त्यात शोभेचं दारूकाम बघायला आलेली माणसं, त्यामुळं गाडी दहा फूट पुढं जायची आणि थांबायची. प्रत्येक वेळी थांबता थांबता, अगदी शेवटच्या क्षणी, सीटखालून एक ‘धप्प’ लागायचं. मागून कुणीतरी गाडी टेकवल्यासारखं. आरशात बघितलं तर मागं मोकळी जागा.

दोन दिवसांनी केगावहून कोंडीकडं निघाले होते. रस्ता सपाट, वेग साठच्या आसपास, पाय ॲक्सिलरेटरवर हलका. तेवढ्यात रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर सुरू झाली. पाच-सहा सेकंद टिकली आणि गेली. रस्त्यावर पट्टे नव्हते. पाय थोडा दाबला की थरथर थांबायची, परत सैल सोडला की यायची. मी पशुवैद्य आहे. बोलता न येणाऱ्या पेशंटची लक्षणं लिहून ठेवायची मला सवय आहे. घरी आल्यावर डायरीत लिहिलं: थांबताना धक्का, साठला थरथर, थंड गाडीत कमी, गरम झाल्यावर जास्त.

गाडी २०११ ची महिंद्रा स्कॉर्पिओ, २.२ लिटरचं एमहॉक इंजिन, फोर बाय फोर आणि सहा गिअरची ऑटोमॅटिक. एकाच गाडीत दोन्ही गोष्टी असलेली स्कॉर्पिओ आपल्याकडं कमी दिसते, आणि मला दोन्ही लागत होत्या. नऊ वर्षांपूर्वी मंद्रूपजवळ एका म्हशीची गाभण तपासणी करताना तिनं डाव्या गुडघ्यावर लाथ मारली. गुडघा बरा झाला, पण दिवसाकाठी शंभर-दीडशे किलोमीटर क्लच दाबण्याइतका नाही. आणि पावसाळ्यात काळ्या रानातल्या वस्तीवर जायचं तर चारही चाकांनी ओढणारी गाडीच पाहिजे. आपली काळी माती ओली झाली की चाकाला पुरणासारखी लपेटते. मग टायरची नक्षी दिसत नाही, नुसता गोल गोळा फिरत राहतो. सहा वर्षांपूर्वी ही गाडी एका बागायतदाराकडून घेतली, तेव्हा ते म्हणाले होते, “गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं असतंय. त्याला हात लावायचा नाही.” मी लावला नाही. आता काटा एक लाख अडुसष्ट हजार किलोमीटरवर होता.

हा गिअरबॉक्स लांबून आलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बरी गावात डीएसआय नावाची कंपनी तो बनवायची. २००८ साली स्कॉर्पिओत ऑटोमॅटिक आली ती याच गिअरबॉक्सची. डीएसआयचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कोरियातली सँगयाँग. २००९ च्या सुरुवातीला सँगयाँग अडचणीत आली आणि तिच्यामागोमाग डीएसआयही बसली. त्याच वर्षी चीनच्या गीलीनं डीएसआय विकत घेतली, आणि दोन वर्षांनी सँगयाँग आपल्या महिंद्रानंच घेतली. इतका फिरून आलेला लोखंडाचा तुकडा माझ्याबरोबर तिऱ्ह्याच्या गोठ्यापर्यंत येतो, याचं मला खरंच अप्रूप वाटतं. त्याची नीट काळजी घ्यावी असं मनापासून वाटतं.

माझा पहिला संशय पुराच्या दिवसांवर गेला. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला, तेव्हा पाणी ओसरायला लागल्यावर आम्ही काहीजण रोज नदीकाठच्या गावांत जात होतो. थंडीनं काकडलेली वासरं, पाण्यात उभं राहून खूर सडलेल्या गाई, निमोनिया, सडाला सूज. दावणीला बांधलेली जनावरं वाहून गेलेल्या घरांतली माणसं कोरड्या डोळ्यांनी गोठ्यात उभी असायची. त्या दहा-बारा दिवसांत मी गाडीचा विचार केलाच नाही. गुडघाभर पाण्यातून घातली. चिखलात फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये, चाकं गरगर फिरवत ठेवली. गाडीत फोर-लो, म्हणजे चारही चाकांचा कमी वेगाचा गिअर आहे, खटका फिरवला की लागतो, पण त्यासाठी पूर्ण थांबून लिव्हर न्यूट्रलला आणावी लागते. थांबलं तर रुतेन या भीतीनं मी तो लावायचंच टाळत होते.

तिथं माझं चुकलं. का, ते सांगते. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचप्लेट नसते, टॉर्क कन्व्हर्टर असतो. पातेल्यात एका डावानं ताक गरगर फिरवलं की त्यात सोडलेला दुसरा डावही आपोआप फिरायला लागतो, तसं. एक डाव इंजिनाचा, दुसरा गिअरबॉक्सचा, आणि मधलं ताक म्हणजे तेल. रस्त्यावर दोन्ही डाव जवळपास सारख्या वेगानं फिरतात. पण चिखलात गाडी जड झाली की इंजिनाचा डाव जोरात फिरतो आणि दुसरा रखडतो. मधलं तेल नुसतं घुसळलं जातं, आणि घुसळणीतली सगळी ताकद उष्णता होऊन त्याच तेलात उतरते. फोर-लोमध्ये गिअरबॉक्सच्या पुढं जोडलेल्या ट्रान्सफर केसमधल्या गिअरांनी वेग कमी आणि ओढ जास्त होते, म्हणून कन्व्हर्टरवरचा भार उतरतो, घुसळण कमी होते, तेल थंड राहतं. फोर-लो फक्त डोंगर चढायला असतो असं आपल्याकडं समजतात. चिखलातून हळू जायचं असेल तर गिअरबॉक्स वाचवायचं तेच साधन आहे. आता मी रान सुरू व्हायच्या आधी, डांबरावरच थांबून फोर-लो लावते आणि मगच आत शिरते. बाहेर आल्यावर कोरड्या रस्त्यावर लगेच टू-हाय, म्हणजे नुसती मागची दोन चाकं. या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळं फिरायची सोय मधे नाही, त्यामुळं कोरड्या डांबरावर फोर-व्हील ठेवलं तर सगळ्या यंत्रणेला पीळ बसतो.

पुरातली आणखी एक गोष्ट. पाकणीच्या बाजूला गाडी रुतली, ट्रॅक्टरवाल्या दादांनी साखळी लावून बाहेर काढली आणि त्याच जोरात थेट गावापर्यंत ओढत न्यायला निघाले. मी ओरडून थांबवलं. ऑटोमॅटिकमध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकांवर गाडी ओढली तर आतले भाग कोरडे फिरतात. रुतलेली गाडी जागची हलवण्यापुरती साखळी ठीक. पुढं न्यायचीच असेल तर चारही चाकं ट्रकवर.

असो. फेब्रुवारीत एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपला गाडी दाखवली. त्यांनी वीस मिनिटं फिरवली आणि सांगितलं, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण बांधावा लागेल, दोन लाख ऐंशी हजार. मी विचारलं, तेल बघितलंत का? उत्तर आलं, “मॅडम, तेलाला आता हात लावलात तर आहे तोही चालायचा नाही. आणि पंधरा वर्षांच्या गाडीत कशाला पैसे घालता?” गिअरबॉक्सच्या तळाचा चेंबर, म्हणजे तेलाचं भांडं, न उघडता, तेलाचा एक थेंब न बघता हे निदान झालं होतं. मला त्याचं फार वाईट वाटलं. शेण न बघता, ताप न घेता कुणी गाईला इंजेक्शन लिहून दिलं तर मी त्याला काय म्हणेन?

पण त्यांचं एक म्हणणं मी डोक्यातून काढू शकले नाही, कारण ते सगळीकडं ऐकू येतं: जुनं तेल काढलं की ऑटोमॅटिक बसतो. इतकी माणसं सांगतात तर काहीतरी असेलच. मी बरंच वाचलं, मिस्त्री लोकांना विचारत राहिले, आणि शेवटी उत्तर मला माझ्याच धंद्यात सापडलं. आमच्याकडं कितीतरी घरी जनावर चार दिवस चारा खात नाही तोवर डॉक्टरला बोलावत नाहीत. पाचव्या दिवशी आडवं पडलं की फोन येतो. आम्ही जाऊन सलाईन लावतो, रात्री जनावर जातं, आणि गावात बोललं जातं की सुईनं गेलं. गिअरबॉक्सचंही तसंच होतं. तो घसरायला लागतो, इंजिन ओरडतं पण गाडी पुढं सरत नाही, तेव्हा कुठं माणूस तेल बदलायला जातो. आतल्या क्लचच्या चकत्या तोवर जळून गेलेल्या असतात. नवं तेल त्या परत आणू शकत नाही. गिअरबॉक्स बसतो आणि नाव तेलाचं होतं. जोराच्या मशिनी दाबानं धुतल्यावर कुठंतरी बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्हबॉडीच्या, म्हणजे तेलाचा दाब वळवून गिअर बदलणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांत अडकू शकतो, एवढी भीती मला खरी वाटते. म्हणून मी मशीन नको म्हटलं. सावकाश, थोडं थोडं, निथळून बदलायचं ठरवलं.

माझी गाडी घसरत नव्हती. ती थरथरत होती. हा फरक फार महत्त्वाचा आहे. कन्व्हर्टरच्या आत एक लॉकअप क्लच असतो. गाडी एका लयीत चालू लागली की तो दोन्ही डाव एकत्र बांधून टाकतो, म्हणजे डिझेल वाया जात नाही. हा क्लच तेलात बुडालेला असतो आणि त्यानं हळुवार धरावं यासाठी तेलात खास द्रव्यं मिसळलेली असतात. ती उष्णतेनं आणि वर्षांनी संपतात. मग क्लच धरतो-सुटतो, धरतो-सुटतो, आणि आपल्याला पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटतं. म्हणजे ठरावीक वेगाला, हलक्या पायावर येणारी थरथर हे बऱ्याचदा थकलेल्या तेलाचं लक्षण असतं. बऱ्याचदा म्हणते, नेहमी नाही. इंजिनाच्या मिसफायरनंही असं होऊ शकतं, म्हणून आधी स्कॅनर लावून इंजिन तपासून घेतलं. ते निरोगी निघालं.

गाडी शेवटी चाचांकडं नेली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीमागं त्यांचं पत्र्याचं शेड आहे. ते कारचे मिस्त्री नाहीतच. तीस वर्षं लोडर आणि जेसीबी बांधत आलेत. पण लोडरमध्येही टॉर्क कन्व्हर्टर असतो, तेलाच्या दाबावर चालणारे क्लच असतात, आणि तिथं तेल किती तासांनी बदलायचं हे मशीनमालकाला पाठ असतं. चाचांनी गाडी चालवली. काही न बोलता दोनदा होटगी रोडपर्यंत जाऊन आले. उतरल्यावर म्हणाले, “डॉक्टरबाई, तेल मेलंय. गिअरबॉक्स जिता हाय.”

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, रविवारी काम धरलं. नियम एक, आणि तो चाचांनी पहिल्यांदा सांगितला: निचऱ्याचं बुच उघडायच्या आधी भरायचं बुच उघडतंय का बघायचं. जुन्या गाडीत ते गंजून बसलेलं असतं. आधी तेल सोडून दिलं आणि मग कळलं की भरायची वाट बंद आहे, तर गाडी तिथंच अडकली. आमचंही घट्ट होतं. रात्रभर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं, तरी लांब टॉमी लावल्यावरच ते हाललं.

तेल कोमट असताना सोडलं. उकळतं नाही, हात भाजतो. गार नाही, गाळ तळाशीच राहतो. धार बघून माझ्या पोटात गोळा आला. नवं तेल लाल असतं, हे कोऱ्या चहासारखं काळपट तपकिरी. मी ते सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांत मोजून भरलं, त्यांच्यावर मापाच्या खुणा असतात. पाचशे मिलीच्या आठ बाटल्या भरल्या आणि नववीत दीडशे. जितकं निघालं तितकं पहिल्यांदा परत घालायचं, म्हणून हे मोजणं टाळायचं नाही.

मग वास. जळलेल्या क्लचचा वास एकदा घेतला की विसरत नाही, करपलेल्या दुधाच्या पातेल्यासारखा नाकात बसतो. तो नव्हता. जुनाट, थोडा आंबूस, एवढंच. दूध तपासताना आम्ही पहिल्या चार धारा काळ्या फडक्यावर काढतो, म्हणजे पांढऱ्या गाठी उठून दिसतात. इथं उलटं, पांढऱ्या फडक्यावर एक थेंब टाकला. डाग पसरला, मध्ये काळा ठिपका राहिला नाही, चमकणारे कण नाहीत. पाण्याचाही पत्ता नव्हता. पाणी गेलेलं असतं तर तेल गढूळ, दुधाळ झालं असतं.

चेंबर उतरवला आणि आतली दोन चुंबकं बघितली. त्यांच्यावर राखाडी लेप होता, तुपात खललेल्या काजळासारखा. चाचांनी तो अंगठा आणि तर्जनीत चोळला आणि माझ्यापुढं हात केला. मीही चोळला. मऊ, बोटांच्या रेषांत जाऊन बसणारा, एकही खर नाही. “ह्ये झीज हाय, वयाची,” ते म्हणाले. “कीस निघाला असता, सुईवानी, तर मीच सांगितलं असतं पैसे घालू नका म्हणून.” मला तेव्हा किती हलकं वाटलं ते लिहिता येत नाही.

पुसायची वेळ आली तेव्हा पोऱ्यानं सवयीनं कॉटन वेस्ट आणलं. सोलापुरात ते ढिगानं मिळतं, कारखान्यातल्या सुताचे गुंतवळे, गॅरेजांत तेच वापरतात. चाचा त्याच्यावर पहिल्यांदा चिडले. सुताचा एक धागा व्हॉल्व्हबॉडीत गेला तर केसाएवढ्या वाटेत अडकून बसतो आणि मग गिअर पडत नाही. टॉवेलही नको, त्याचे लोंब सुटतात. मी बॅगेतून शस्त्रक्रियेला अंथरायची न विणलेल्या कापडाची चादर काढली, तिचा धागा सुटतच नाही. चेंबर, चुंबकं, बुचं सगळं त्यानंच पुसलं. नवा फिल्टर बसवला, नवं पॅकिंग लावलं. बोल्ट आवळताना एका कडेनं जायचं नाही, समोरासमोरचे घेत जायचं, आणि शेवटचा पिळा टॉर्क रेंचनं. पातळ पत्र्याचा चेंबर असतो, हिसका दिला की कड वाकते आणि आयुष्यभर ठिबकतो.

तेल वरून ओतायची सोय या गिअरबॉक्सला नाही, बाजूच्या बुचातून पंपानं चढवावं लागतं. चाचांचा हातपंप नव्वद नंबरच्या, म्हणजे घट्ट गिअर ऑइलच्या, तेलात वापरलेला होता. ऑटोमॅटिकच्या तेलात दुसऱ्या तेलाचं बोटही लागू नये असं माझं मत, म्हणून माझ्याकडचा कोरा पंप काढला, जनावरांच्या पोटात नळीनं औषध सोडायचा. उत्तम चालला. तेलाबद्दल एवढंच सांगेन की डब्यावर ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेलं घेऊ नका. आपल्या गाडीच्या पुस्तकात जो प्रकार छापलाय तोच घ्या, मग त्यासाठी आठ दिवस थांबावं लागलं तरी चालेल. मी अकरा दिवस थांबले.

पातळी बघायचं काम मात्र त्या दिवशी केलं नाही. अशा सीलबंद गिअरबॉक्सला तेल मोजायची काडी नसते. इंजिन चालू ठेवून, गाडी चारी बाजूंनी समपातळीत उचलून, लिव्हर पी, आर, एन, डी अशी सावकाश फिरवून आणायची, स्कॅनरवर तेलाचं तापमान बघायचं, आणि ते पुस्तकात दिलेल्या दोन आकड्यांच्या मधे असताना पातळीचं बुच उघडायचं. बारीक धार लागून थेंबाथेंबावर आली की पातळी बरोबर. गार तेलावर बघितलं तर जास्त भरलं जातं, तापलेल्यावर बघितलं तर कमी, कारण तापल्यावर तेल फुगतं. माझ्या गाडीचा आकडा मुद्दाम देत नाही, प्रत्येक गिअरबॉक्सचा वेगळा असतो. मुद्दा असा की सोलापुरात मार्चअखेर दुपारी पत्र्याखाली उभी गाडी इंजिन सुरू करायच्या आधीच चाळीसला टेकलेली असते. इंजिन लावलं की तापमान भराभर वर पळतं, आणि बुच हातात घेईपर्यंत मधली जागा निघून जाते. म्हणून गाडी रात्रभर शेडमध्येच घोड्यांवर ठेवली आणि सोमवारी पहाटे साडेपाचला गेले. चाचा नमाज पढून आलेले होते. त्यांचा पुतण्या स्कॅनर धरून एक-एक अंश मोठ्यानं वाचत होता, मी आत ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर फिरवत होते, चाचा खाली. धार लागली, बारीक झाली, थेंबांवर आली. “बास!” बुच लागलं. आम्ही तिघांनी तिथंच उभ्यानं चहा घेतला.

आणि तेव्हा चाचा म्हणाले, गाडी वर हायच, तर डिफरन्शियलबी बघू की. डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वळणावर वेगवेगळं फिरू देणारी गिअरची पेटी, एक पुढं आणि एक मागं. मागचं उघडलं, तेल जुनं पण ठीक. ट्रान्सफर केसचंही ठीक. पुढच्या डिफरन्शियलचं बुच सैल केलं आणि ट्रेमध्ये दूध घातलेल्या कॉफीसारखं काहीतरी पडलं. आधी थोडं नुसतं पाणी, मग ही कॉफी.

पुराचं पाणी. सप्टेंबरपासून सहा महिने ते तिथं होतं. रस्त्यावर पळून तापलेलं डिफरन्शियल एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून, म्हणजे हवा आत-बाहेर व्हायच्या नळीतून, सीलच्या कडेनं पाणी आत ओढून घेते. गरम तांब्या परातीतल्या पाण्यावर पालथा घातला की तो पाणी वर खेचतो, तसंच. गिअरबॉक्सची श्वासनळी उंचावर असते म्हणून तो वाचला. पुढचं डिफरन्शियल खाली, ते बुडालं. आवाज काही येत नव्हता. कुणी बघितलं नसतं तर गंजून बेअरिंग गेल्यावरच कळलं असतं. ते दोनदा धुतल्यासारखं केलं: नवं तेल घातलं, दोनशे किलोमीटर चालवलं, परत काढलं, परत भरलं. दुसऱ्या वेळी तेल स्वच्छ आलं. सीनेकाठच्या, भीमेकाठच्या ज्या कुणाची गाडी किंवा ट्रॅक्टर त्या पाण्यातून गेलाय, त्यांनी हे वाचत असाल तर याच आठवड्यात बुच उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. मला हे फार आधी सुचायला हवं होतं.

आता गिअरबॉक्सकडं परत. एकदा निथळून सगळं तेल निघत नाही, कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत बरंच अडकून राहतं. हिशेबाला सोपं म्हणून एकूण दहा लिटर धरा आणि एका वेळी चार निघतात असं धरा. पहिल्या बदलानंतर साठ टक्के जुनं राहिलं. दुसऱ्यानंतर छत्तीस. तिसऱ्यानंतर बावीसच्या आत. म्हणून तीनदा. मधे गाडी चालवायची, म्हणजे नवं-जुनं मिसळतं. फिल्टर फक्त पहिल्यांदा.

पहिल्या बदलानंतर केगाव-कोंडी रस्त्यावर गेले. साठचा वेग, पाय हलका. थरथर आली, पण दोन सेकंदांत विरली. पाचशे किलोमीटरनंतर, एप्रिलच्या मधे, दुसरा बदल केला आणि थरथर गेली. तुळजापूरच्या घाटात मुद्दाम नेली, बेचाळीस अंशांच्या दुपारी, एसी लावून. गिअर एकामागोमाग एक पडत गेले, कधी पडले ते कानाला कळलं, अंगाला नाही. मी घाटावर गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ नुसती बसले. थांबतानाचा धक्का मात्र पूर्ण गेलेला नाही. आठवड्यातून एखादा लागतो, गाडी फार तापलेली असेल तर. चाचा म्हणतात, एका व्हॉल्व्हची झीज असेल, तेलानं ती भरत नाही. मागच्या शाफ्टच्या सीलला किंचित ओल आहे, तीही आम्ही लक्षात ठेवून तशीच सोडलीय. पुढच्या पावसाळ्याआधी बदलू.

मे महिन्यात तिसरा बदल झाला. त्याच महिन्यात गाडीला पंधरा वर्षं भरली, तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांनी वाढवून मिळाली. तीन बदलांच्या तेलाचा आणि मजुरीचा खर्च त्या दोन लाख ऐंशी हजारांच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत बसला. चाचांनी मजुरी सांगितली त्यापेक्षा मी थोडी जास्त दिली. त्यांच्या शेळीला दर सहा महिन्यांनी जंताचं औषध द्यायचं माझ्याकडं लागलं, ते वेगळं.

प्रत्येक बदलाच्या वेळी काढलेल्या तेलातलं थोडं मी तीस मिलीच्या काचेच्या बाटलीत ठेवलंय. दवाखान्याच्या खिडकीत त्या तीन बाटल्या उभ्या आहेत, सकाळचं ऊन पडतं तिथं. पहिली जवळजवळ काळी. दुसरी उजेडात धरली तर कडेला गूळ दिसतो. तिसरी लाल आहे, अजून गडद, पण लाल. शेतकरी येतात, रक्ताचे नमुने समजून विचारतात, आणि मग मी त्यांना त्यांच्या ट्रॅक्टरच्या तेलाचं विचारते. शेजारी चौथी बाटली रिकामी आहे. तिच्यावर चिठ्ठी आधीच चिकटवून ठेवलीय: दोन लाख दहा हजार किलोमीटर.